साक्षीदार एक की अनेक?



वसईत इतिहासावर बोलण्यास जो उभा राहतो त्याच्याकडून श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. किल्ला, चिमाजीअप्पा, १७३९ चा वेढा, आणि त्याआधीची पोर्तुगीज अमलाची दोनशे वर्षे. हे विषय आपणांस माझ्याहून अधिक पाठ आहेत, आणि त्यांवर बोलणारे अधिकारी वक्ते या गावाला कधी कमी पडलेले नाहीत. मी आज ज्याचा इतिहास सांगणार आहे त्याला ना तट आहे ना बुरूज. ते डोळ्यांना दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. ते म्हणजे आपल्या रक्तात वावरणारे प्रतिपिंड, ज्याला डॉक्टर मंडळी अँटिबॉडी म्हणतात. तथापि हा इतिहास अगदीच परका समजू नये. १६६१ च्या विवाहाच्या करारापर्यंत मुंबईची बेटे वसईच्याच कारभाराखाली होती, आणि या कथेतील अनेक प्रसंग त्या बेटांवर, विशेषतः परळात, घडलेले आहेत.

आजही पहाटेची गाडी धरून, काखेत फायली घेऊन वसईची माणसे परळच्या टाटा रुग्णालयाकडे जातात. त्यांतील काही भगिनींच्या फायलीत एक कागद असतो. त्यावर ‘हर-टू’ असा शब्द, आणि त्यापुढे शून्य, एक, दोन किंवा तीन यांपैकी एक आकडा. स्तनाच्या कर्करोगावर एक विशिष्ट औषध द्यावयाचे की नाही, हे त्या आकड्यावर ठरते. हर-टू हे पेशीच्या कातडीत रुतलेले एक प्रथिन आहे. त्याची जात कायनेज. आणि ते पेशीवर किती आहे याची साक्ष देतो तो प्रतिपिंडच. ही साक्ष काढण्याची विद्या माणसाला कशी साधली, आणि ती साक्ष कितपत खरी धरावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम अडचण कोणती ती पाहू. एका पेशीत हजारो जातींची प्रथिने दाटीवाटीने असतात. सकाळी आठच्या विरार लोकलमध्ये एका विशिष्ट इसमाला हुडकून काढा म्हणावे, तशातली ही गोष्ट. त्याचा रंग वेगळा नाही, आकार वेगळा दिसत नाही, आणि हाक मारावी तर तो ओ देत नाही. रसायनशास्त्राच्या जुन्या रीती अशा की आख्खी गाडी रिकामी करून माणसे वजनाप्रमाणे रांगेत उभी करावयाची. त्याने काम होई, पण एकाच वजनाची शंभर माणसे निघत. हवा होता तो त्या इसमाला चेहऱ्याने ओळखणारा कोणी. असे ओळखणारे निसर्गाने आपल्या रक्तातच नेमून ठेवले आहेत, हे १८९० मध्ये बर्लिनला कळले. एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी दाखविले की, धनुर्वात किंवा घटसर्प यांच्या विषाची मात्रा हळूहळू टोचून सरावलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषाला मारणारे काहीतरी तयार होते, आणि ते दुसऱ्या जनावराला देता येते. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते त्याला सीरम म्हणतात. ते ‘काहीतरी’ या सीरममध्ये होते.

यानंतर सहाच वर्षांनी सीरमची आणि मुंबईची गाठ पडली, ती मात्र फार वाईट दिवसांत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यापुढील हकीकत आपल्या आजे-पणज्यांनी भोगलेली आहे. वांद्र्याच्या वाटांवर आजही त्या काळाचे क्रूस उभे आहेत. व्लादिमिर हाफकिन ऑक्टोबरात मुंबईस आले, त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका अपुऱ्या जागेत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हाफकिनसाहेबांवर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावे इतका तो पुरुष मोठा. पण आज मला त्यांच्या शेजारून गेलेल्या दुसऱ्या एका वाटेवर आपणांस न्यावयाचे आहे.

लस आणि सीरम यांत भेद आहे. लस म्हणजे शरीराला दिलेली तालीम. प्रतिपिंडे शरीर स्वतः तयार करते, त्याला दिवस लागतात. सीरम म्हणजे दुसऱ्याने तयार केलेली प्रतिपिंडे उसनी आणणे. जो आधीच आजारी पडला त्याला तालमीचा काय उपयोग? त्याला उसनेच हवे. प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सिन १८९७ च्या मार्चमध्ये घोड्यांचे सीरम घेऊन मुंबईत उतरले. चीनमध्ये त्यांना यश आले होते. मुंबईत ते आले नाही. पुढे फ्लॉरेन्सचे लुस्टिग यांनी आपले सीरम आणले. ते ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात वापरले गेले, आणि तेथे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी एक अशी गोष्ट केली की जिच्यासाठी त्यांचे नाव आपल्या शाळांतून सांगितले जावे. दाखल होणाऱ्या रोग्यांपैकी एकाला सीरम द्यावयाचे, त्याच्या पुढच्याला नाही, पुन्हा त्याच्या पुढच्याला द्यावयाचे, असा क्रम त्यांनी धरला. बरा होईलसा वाटतो त्याला औषध द्यावे आणि मग औषधाची कीर्ती गावी, हा मोह डॉक्टरांनाही सुटत नाही. पाळीचा नियम तो मोह मोडतो. लाभ दिसला तो थोडाच, आणि त्यावर वाद झाले. पण औषधाला तराजूत घालण्याची ही रीत जगात त्या वेळी फार थोड्या ठिकाणी होती, आणि त्यांपैकी एक ठिकाण मुंबई होते.

सीरमचा गुण कमी का पडे? एक कारण असे की ते मिश्रण होते. घोड्याला जंतू टोचला म्हणजे घोड्याचे शरीर त्या जंतूच्या एका नव्हे, शेकडो खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांत घोड्याच्या जुन्या दुखण्यांचीही असतात. हे अनेक साक्षीदार एकदम बोलतात. कोणी नेमके बोलतो, कोणी अंदाजाने, कोणी भलत्याच खटल्यातली साक्ष देतो. शिवाय घोडा बदलला की साक्ष बदलते, आणि घोडा मेला की ती साक्ष कायमची गेली.

अनेकांची साक्ष नेहमीच वाईट, असे मात्र समजू नका. आपल्याकडे भातखाचरात पाय घालणाऱ्या माणसाला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची ओळख असतेच. त्यांच्या विषांवरचे सीरम आजही घोड्यांपासूनच होते. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम केलेले आहे. सापाचे विष हे एक द्रव्य नव्हे, अनेक विषांची ती खिचडी आहे, आणि साप कोणता चावला हे बहुधा कोणी सांगू शकत नाही. तेथे एकच साक्षीदार घेऊन काय करावयाचे? तेथे जमावच हवा. प्रश्न वेगळा असला की न्याय वेगळा, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

परळातच हाफकिन संस्थेपासून थोड्या अंतरावर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या समर्थांची कन्या कमल, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी संशोधन केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेली ही बाई पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेली. माणसाच्या शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, अखंड वाढणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, ज्यांना हेला म्हणतात, त्या गे यांच्याच प्रयोगशाळेतल्या. पेशींना भांड्यात जगविण्याची कला शिकून रणदिवेबाई परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातील अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. त्यांचा मुख्य विषय उंदरांतील स्तनाचा कर्करोग. कोणत्या वंशाच्या उंदरिणीला तो होतो, संप्रेरकांचा हात किती, दुधातून येणाऱ्या विषाणूचा किती, आनुवंशाचा किती, हे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पेशी जगविणे हे काम ऐकायला लहान वाटते. प्रत्यक्षात ते लोणच्यासारखे आहे. एक ओला चमचा लागला की बरणी गेली. हवेतला एक जंतू, पाण्यातला किंचित दोष, उबेत एका अंशाचा फरक, आणि महिन्यांचे काम मातीमोल होते. त्याहून वाईट म्हणजे एका भांड्यातली पेशी दुसऱ्यात शिरते. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले की निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या कित्येक पेशी वस्तुतः हेलाच होत्या. म्हणजे वर्षानुवर्षे लोक समजत होते एकाला तपासतो आहोत, आणि तपासत होते दुसऱ्याला. या विद्येत ओळख चुकण्याचा रोग तेव्हापासूनचा.

ही भांड्यातली शेती हाती नसती तर पुढचे पाऊल पडलेच नसते. ते पाऊल १९७५ चे, केंब्रिजमधले. सेसार मिल्स्टाइन हे आर्जेंटिनात जन्मलेले शास्त्रज्ञ, आणि त्यांच्याकडे आलेले गेऑर्ग क्योलर हे तिशीही न ओलांडलेले जर्मन तरुण. त्यांना औषध शोधावयाचे नव्हते. शरीर इतक्या तऱ्हेची प्रतिपिंडे कशी घडविते, हा त्यांचा निव्वळ जिज्ञासेचा प्रश्न. प्रतिपिंड करणारी प्रत्येक पेशी एकाच जातीचे प्रतिपिंड करते, हे माहीत होते. पण ती पेशी उंदराच्या पानथरीतून काढून भांड्यात घातली की काही दिवसांत मरते. उलट कर्करोगाची पेशी अमर, पण तिला उपयोगाचे प्रतिपिंड येत नाही. दोघांनी या दोन पेशींचे लग्न लावले. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराची पानथरी घेतली, तिच्या पेशी मज्जेच्या कर्करोगाच्या पेशींशी जोडल्या, आणि सगळे मिश्रण अशा द्रवात ठेवले की ज्यात त्या विशिष्ट कर्करोगपेशीला जगताच येत नाही, कारण तिच्यात एका एंझाइमची उणीव मुद्दाम ठेवलेली असते. पानथरीची पेशी आपल्या मरणाने मरते. उरते ती फक्त जोडपेशी: आईकडून प्रतिपिंडाची विद्या आणि बापाकडून अमरत्व घेतलेली.

मग ही मिश्र प्रजा इतकी पातळ करावयाची की एका खळग्यात एकच पेशी पडावी. तिची जी संतती वाढेल ती सगळी एका वंशाची, आणि तिने केलेले प्रतिपिंड अथपासून इतिपर्यंत एकाच घडणीचे. म्हणून त्याला मोनोक्लोनल म्हणावयाचे. आपण एकवंशी म्हणू. घोड्याच्या गर्दीतून निवडून काढलेला हा एकच साक्षीदार, जो आज, उद्या आणि वीस वर्षांनी तीच साक्ष देईल. बाटलीत गोठवून ठेवा, परदेशी पाठवा, पुन्हा वाढवा. मिल्स्टाइन यांनी या पेशी मागेल त्याला दिल्या. ब्रिटिश सरकारच्या ज्या संस्थेकडे स्वामित्वहक्काचा विचार होता, तिला यात तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही, आणि पेटंट राहून गेले. त्यावर पुढे इंग्लंडात बरीच हळहळ झाली. मला स्वतःला ती हळहळ तितकीशी पटत नाही. परवाना मागत बसावे लागले असते, तर गरीब देशांतील प्रयोगशाळांना ही विद्या कित्येक वर्षे दुरूनच पाहावी लागली असती. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

साक्षीदार मिळाला, आता ज्याला ओळखावयाचे त्या कायनेजकडे वळू. पेशीच्या कारभारात एक शिक्का आहे, फॉस्फेटचा. एखाद्या प्रथिनावर हा शिक्का उमटला की ते कामाला लागते किंवा काम थांबविते. शिक्का मारणारा जो कारकून, तो कायनेज. पुसणारा दुसरा असतो. १९५५ मध्ये सिअॅटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना स्नायूंतील साखरेच्या व्यवहारात ही रीत प्रथम उलगडली. नोबेल मात्र १९९२ ला पोचले. माणसात असे पाचशेहून अधिक कारकून आहेत. त्यांतला एखादा बेभान झाला आणि ‘वाढा, वाढा’ असे शिक्के मारीत सुटला, म्हणजे काय होते?

याचे पहिले उत्तर कोंबडीत मिळाले. पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखविले होते की कोंबड्यांतील एक गाठ विषाणूने होते. त्या विषाणूचे जे दोषी प्रथिन, त्याला नाव पडले सार्क. ते नेमके करते काय, हे १९७८ मध्ये डेन्व्हरला मार्क कॉलेट आणि रे एरिक्सन शोधीत होते. त्यांच्याकडे एकवंशी प्रतिपिंड नव्हते; गाठ झालेल्या सशांचे सीरम होते. त्यातील प्रतिपिंडांनी दोषी प्रथिन पकडले, आणि या दोघांनी त्या जोडीवर किरणोत्सर्गी फॉस्फेट घातले. पाहतात तो काय! शिक्का उमटला होता प्रतिपिंडावरच. ज्या साक्षीदाराने आरोपीचा हात धरला, त्याच्याच अंगावर आरोपीने शिक्का मारून ठेवला होता. याहून स्पष्ट कबुली कोणती? सार्क हे कायनेज होते. दोन वर्षांत टोनी हंटर आणि बार्ट सेफ्टन यांनी दाखविले की हा शिक्का टायरोसीन नावाच्या, आजवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी पडतो.

आता मुंबई पुन्हा कथेत येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संबंध असलेले लक्ष्मीचरण पाधी हे संशोधक त्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत होते. तेथे उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठीतील आनुवंशिक द्रव्य काढून निरोगी पेशींत घालीत. त्या पेशी बिघडत. पाधींनी बिघडलेल्या पेशी उंदरांना टोचून सीरम मिळविले आणि त्या सीरमला विचारले, तुला यांत नवे काय दिसते? सीरमने एक प्रथिन पकडून आणले. वजनावरून त्याला पी-१८५ म्हणू लागले. त्यावर फॉस्फेटचे शिक्के होते. १९८२ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि त्यामागील जनुकाला ‘न्यू’ हे नाव पडले.

या प्रथिनाचे वैशिष्ट्य असे की ते पेशीच्या पोटात दडलेले नव्हते. त्याचा मोठा भाग पेशीच्या बाहेर, हात लागेल असा, उभा होता. ज्या प्रतिपिंडाने ते पकडले, तेच जिवंत कर्करोगपेशींवर ओतून पाहावे, एवढाच प्रयोग बाकी होता. एका रात्रीचे काम. तो झाला नाही. त्या प्रयोगशाळेचे लक्ष कर्करोग कसा होतो याकडे होते, तो कसा रोखावा याकडे नव्हते. वाइनबर्ग यांनी मागाहून ही चुटपुट मोकळेपणाने बोलून दाखविली आहे. मला येथे ऑर्थर रोड आठवतो. तेथे डॉक्टर समोरच्या मरणाऱ्या रोग्याला वाचवू पाहत होते, आणि हातात काय आहे याची त्यांना धड ओळख नव्हती. येथे ओळख उत्तम पटली, पण समोर रोगीच नव्हता.

तो प्रयोग केला हार्वर्डमध्ये, मार्क ग्रीन यांचे विद्यार्थी जेफ्री ड्रेबिन यांनी. ‘न्यू’ने बिघडलेल्या पेशी टोचून त्यांनी सीरम न घेता क्योलर-मिल्स्टाइनच्या रीतीने एकवंशी प्रतिपिंड काढले. १९८४ मध्ये त्याने पी-१८५ नेमके ओळखून दाखविले. १९८५ मध्ये ते पेशींवर घातल्यावर पी-१८५ पृष्ठभागावरून खाली गेले आणि बिघडलेल्या पेशी सरळ वागू लागल्या. पुढच्याच वर्षी सिद्ध झाले की पी-१८५ हे स्वतः कायनेज आहे. म्हणजे आरोपी पकडला आधी, आणि त्याचा धंदा कळला नंतर.

दरम्यान कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत आक्सेल उलरिख यांच्या गटाला माणसातील हाच जनुक सापडला. त्यांनी त्याला हर-टू म्हटले. डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे तीस टक्क्यांत या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा जास्त होत्या, आणि त्या स्त्रियांचा रोग अधिक लवकर उलटत होता. पुढील मोजणीत हे प्रमाण पंधरा ते वीस टक्के धरले जाते. मग उंदराचे एकवंशी प्रतिपिंड घेऊन, त्याची केवळ पकडणारी टोके ठेवून बाकीचे अंग माणसाचे करण्यात आले, आणि २५ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली. भारतात बंगलोरच्या बायोकॉनने त्याचा जोड २०१४ मध्ये बाजारात आणला, मूळ औषधाहून स्वस्त. पण सामान्य घराला आजही ते जड जाते.

येथे एक गंमत सांगतो. त्याच दिवशी परवानगी मिळालेली जी चाचणी, म्हणजे गाठीत हर-टू किती हे पाहण्याची, तिच्यातील प्रतिपिंड एकवंशी नव्हतेच! ते सशाचे, अनेकांच्या साक्षीचे होते. औषध एकवंशी, आणि ते कोणाला द्यावयाचे हे सांगणारा मात्र जमाव. एकवंशी प्रतिपिंडाच्या चाचण्याही पुढे आल्या आणि आज त्या सर्रास चालतात. परंतु १९९८ ची ती निवड अडाणीपणाची नव्हती. गाठ फॉर्मॅलीनमध्ये बुडविली, मेणात घातली, उकळली, म्हणजे प्रथिनाचा चेहरा बदलतो. एकाच खुणेवर विसंबणारा साक्षीदार ती खूण पुसली गेली की गप्प बसतो. अनेकांपैकी एखादा तरी ओळखतो.

एकाच साक्षीदाराचा दुसरा दोष अधिक कठीण आहे. तो खोटा असेल, तर दर वेळी त्याच ठामपणे खोटे बोलतो, आणि सातत्य हे सत्याचे लक्षण मानण्याची आपल्याला खोड आहे. संशोधनासाठी प्रतिपिंडे विकणाऱ्या कंपन्यांच्या याद्या लाखांच्या घरात गेल्या आहेत. त्यांत जवळजवळ प्रत्येक कायनेजसाठी एकाहून अधिक बाटल्या मिळतात. २०१५ मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून जाहीर तक्रार केली की यांतील पुष्कळशी सांगितलेले काम करीत नाहीत. २०१८ मध्ये १८५ जोडपेशींचे वंश यदृच्छेने निवडून तपासले, तेव्हा जवळजवळ एक-तृतीयांशांत एकाऐवजी जास्तीचे प्रतिपिंडधागे निघाले. नाव एकवंशी, पण जिभा दोन. २०२३ मध्ये कॅनडातील एका गटाने ६५ प्रथिनांवरची ६१४ प्रतिपिंडे एकसारख्या रीतीने पारखली. ज्यांना आपले प्रथिन ओळखताच आले नाही अशा प्रतिपिंडांवर, प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा, इतके शोधनिबंध आधीच छापले गेले होते. त्यांनी वापरलेली पारख मात्र साधी व निर्दय आहे. ज्या पेशीतून ते प्रथिन मुळातच काढून टाकले आहे, ती पेशी साक्षीदारापुढे ठेवावयाची. तरीही तो ‘हाच तो’ म्हणाला, तर साक्षीदार खोटा.

प्रयोगशाळेत चुकीची साक्ष म्हणजे वाया गेलेली वर्षे आणि पैसा. रुग्णालयात ती एखाद्या घरातील बाई असते. २००७ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ आणि विकृतितज्ज्ञ यांच्या संघटनांनी एकत्र बसून हिशेब केला. हर-टूच्या चाचण्यांपैकी सुमारे वीस टक्के चुकीच्या असाव्यात, असा तो निघाला. आहे त्याला नाही म्हटले, तर औषध हुकते. नाही त्याला आहे म्हटले, तर घरदार विकून घेतलेले औषध हृदयाला त्रास देऊन जाते आणि रोग तसाच राहतो.

या चुकांतील सगळ्या काही प्रतिपिंडाच्या नसतात, आणि हे मी वसईत मुद्दाम सांगतो. गाठ एका लहान इस्पितळात काढली जाते आणि तपासणीस मुंबईला जाते. काढल्यापासून तासाभराच्या आत ती फॉर्मॅलीनमध्ये पडावी, फॉर्मॅलीन पुरेसे असावे, आणि तीत ती निदान सहा तास पण बहात्तर तासांच्या आतच राहावी, असे नियम आहेत. शनिवारी काढलेली गाठ साध्या पाण्यात किंवा तशीच डबीत सोमवारपर्यंत राहिली, तर पुढे जगातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार बोलावूनही उपयोग नाही. कारण जे ओळखावयाचे तेच उरलेले नसते. गाठ केव्हा काढली आणि केव्हा बुडविली, या दोन वेळा डबीवर लिहून घेण्याची विनंती रुग्णाच्या माणसाने करावी. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

आकडा दोन आला, म्हणजे साक्ष संदिग्ध आहे असे समजतात, आणि मग जनुकाच्या प्रती थेट मोजण्याची दुसरी चाचणी करतात. शून्य, एक आणि तीन येथे सहसा थांबतात. अलीकडे या खालच्या आकड्यांतही भेद करून नवी औषधे देऊ लागले आहेत, त्यामुळे फिकट रंग वाचणाऱ्याच्या डोळ्यावर पूर्वीपेक्षा अधिक भार आला आहे.

चाचणीच्या टेबलावर रुग्णाची काचपट्टी एकटी कधी ठेवीत नाहीत. तिच्यासोबत आणखी दोन प्रकारच्या गाठींचे तुकडे असतात: एकात हर-टू भरपूर आहे हे आधीपासून माहीत असते, दुसऱ्यात नाही हे माहीत असते. तिन्हींवर तेच प्रतिपिंड, तोच रंग, तेवढाच वेळ. पहिला तुकडा तपकिरी व्हावा, दुसरा कोरा राहावा. विकृतितज्ज्ञ प्रथम ते दोन वाचतात. त्यांत गफलत दिसली तर रुग्णाची पट्टी न वाचता सगळे पुन्हा पहिल्यापासून करतात.